‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘फ्यू’ आणि ‘द’ : इंग्रजी परिमाणशब्दांबरोबर निश्चित उपपदाचा प्रयोग

आयुर्वेदाच्या त्रैमासिकात इंग्रजी व्याकरणाचा पाठ कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आमच्याच एका चुकीत आहे, म्हणून प्रथम ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेल्या एक आजी आमच्याकडे संधिशूलासाठी उपचार घेत होत्या. गुग्गुळाचा एक कल्प आणि एक चूर्ण अशी दोन औषधे आम्ही दिली होती. रक्तदाबासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी त्या रोज सकाळी घेत असत व तशी नोंद आमच्या केसपेपरवर होती. मध्यंतरी त्या मुलाकडे बंगळूरुला गेल्या. तेथे त्यांना जुलाब सुरू झाले. सूनबाई कन्नडभाषक असल्याने त्यांनी सूचना इंग्रजीत लिहून मागितली. आमच्या मनात होते की, आम्ही दिलेली दोन्ही औषधे आठवडाभर थांबवावीत. आम्ही लिहिले, ‘स्टॉप ऑल मेडिसिन्स फॉर सेव्हन डेज’. सूनबाईंनी ते वाचले आणि आज्ञेप्रमाणे सर्व औषधे बंद केली. त्यांत रक्तदाबाची गोळीही बंद झाली. पाचव्या दिवशी आजींना भोवळ आली, डोके विलक्षण दुखू लागले. तेथील डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला तो फार वाढलेला आढळला. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि दोन-तीन दिवसांत आजी सावरल्या. त्यानंतर त्या डॉक्टरांनी आम्हांस दूरध्वनी करून अतिशय संयमाने एवढेच विचारले की, रक्तदाबाची गोळी बंद करण्यामागे आपला काय हेतू होता?

आमचा तसा हेतू मुळीच नव्हता. परंतु आमच्या वाक्याचा अर्थ मात्र तोच होता. सूनबाईंनी केलेले वाचन व्याकरणदृष्ट्या अगदी बरोबर होते. चूक लिहिणाऱ्याची होती. तेव्हापासून आम्ही इंग्रजीतील परिमाणवाचक शब्द आणि ‘द’ हे उपपद यांच्या संबंधाचा थोडा अभ्यास केला. आपल्यापैकी अनेकांना परप्रांतीय रुग्णांसाठी सूचना, अन्य चिकित्सकांना संदर्भपत्रे, औषध कंपन्यांशी पत्रव्यवहार आणि शोधनिबंध इंग्रजीतच लिहावे लागतात. त्यांना या टिपणाचा उपयोग व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ‘द’चे मूळ कार्य

संस्कृतात उपपद नाही, मराठीतही नाही. त्यामुळे शाळेत तर्खडकरांच्या पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्यांपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांपर्यंत सर्वांनाच ‘द’ कोठे घालावा याविषयी शंका राहते. (स्वरापूर्वी याचा उच्चार ‘दि’ होतो; या लेखात सोयीसाठी सर्वत्र ‘द’च लिहिला आहे.)

इंग्रजी भाषेच्या इतिहासात ‘द’ आणि ‘दॅट’ हे दोन्ही शब्द एकाच जुन्या दर्शक सर्वनामातून निघाले आहेत. म्हणजे ‘द’ हा मुळात ‘तो, ती, ते’ असा बोट दाखविणारा शब्द आहे. ‘मेडिसिन्स’ म्हटले की औषधे ही संपूर्ण जाती. ‘द मेडिसिन्स’ म्हटले की लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास दोघांनाही ठाऊक असलेली, ती विवक्षित औषधे. चरकाचार्यांनी षट्पदार्थांच्या गणनेत सामान्य आणि विशेष या दोहोंना अग्रस्थान दिले आहे. पदार्थविज्ञान शिकलेल्या आपल्या वाचकांना हा भेद त्या वाटेने चटकन समजेल: ‘द’ नसेल तर कथन सामान्याविषयी, ‘द’ असेल तर विशेषाविषयी. हे साम्य केवळ समजण्यापुरते आहे. दर्शनातील ‘विशेष’ व व्याकरणातील निश्चितता या एकच गोष्टी नव्हेत.

परिमाणवाचक शब्द किती ते सांगतो. ‘द’ हा कशातील ते सांगतो. ‘किती’ लिहिताना आपण सहसा चुकत नाही. ‘कशातील’ हे मनात असते आणि कागदावर उतरत नाही. आमची चूक नेमकी हीच होती.

२. ‘ऑल’

‘ऑल पेशंट्स’ म्हणजे जगातील यच्चयावत रुग्ण. ‘ऑल द पेशंट्स’ म्हणजे त्या विवक्षित समूहातील सर्व रुग्ण, उदाहरणार्थ आज आपल्या दवाखान्यात आलेले. ‘ऑल ऑफ द पेशंट्स’ असेही म्हणता येते. अर्थ तोच राहतो.

पथ्यापथ्याच्या कागदावर हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. ‘अव्हॉइड ऑल पल्सेस’ असे लिहिले तर मुगासकट सर्व कडधान्ये वर्ज्य होतात. यादीत लिहिलेली वाटाणा, हरभरा, वाल एवढीच वर्ज्य करावयाची असतील, तर ‘अव्हॉइड ऑल द पल्सेस इन धिस लिस्ट’ असे लिहावे लागते. पहिल्या वाक्याने रुग्णाचे मुगाचे कढणही बंद होईल.

स्थानाचा नियम असा की, ‘ऑल’ हा ‘द’च्या पूर्वी येतो, ‘द ऑल पेशंट्स’ ही रचना अशुद्ध आहे. याउलट ‘होल’ हा शब्द ‘द’च्या नंतर येतो: ‘द होल बॉटल’, म्हणजे संपूर्ण बाटली. सर्वनाम असेल तर ‘ऑफ’ अनिवार्य आहे व ‘द’ येत नाही: ‘ऑल ऑफ देम’. काही रूढ प्रयोगांत ‘ऑल’ उपपदाविना येतो, जसे ‘ऑल डे’, ‘ऑल नाइट’; परंतु ‘ऑल द टाइम’ यात ‘द’ येतो. हे पाठ करूनच लक्षात ठेवावे लागते.

३. ‘मोस्ट’, ‘सम’, ‘मेनी’, ‘नन’ : ‘पैकी’ची कसोटी

हे शब्द ‘ऑल’प्रमाणे ‘द’ला थेट चिकटत नाहीत. ‘मोस्ट द पेशंट्स’, ‘सम द टॅब्लेट्स’ या रचना होत नाहीत. येथे दोनच मार्ग आहेत. सामान्य कथन असेल तर नुसते नाम: ‘मोस्ट पेशंट्स’, ‘सम टॅब्लेट्स’. विवक्षित समूहातील अंश असेल तर मध्ये ‘ऑफ’ आणि ‘द’ दोन्ही: ‘मोस्ट ऑफ द पेशंट्स’, ‘सम ऑफ द टॅब्लेट्स’. ‘मोस्ट ऑफ पेशंट्स’ ही आपल्याकडे फार आढळणारी रचना या दोन मार्गांच्या मध्येच अडकलेली आहे व ती अशुद्ध आहे.

मराठी माणसासाठी यावर एक सोपी कसोटी आम्हांस उपयोगी पडली. मनातील मराठी वाक्यात ‘पैकी’ बसतो का, ते पाहावे. ‘बहुतेक रुग्णांना दूध आवडते’ येथे ‘पैकी’ नाही, म्हणून ‘मोस्ट पेशंट्स’. ‘त्या रुग्णांपैकी बहुतेकांना गुण आला’ येथे ‘पैकी’ आहे, म्हणून ‘मोस्ट ऑफ द पेशंट्स’. ‘पैकी’ हा शब्द समूह ठरलेला असल्याशिवाय येतच नाही, हे या कसोटीचे कारण आहे. न मोजता येणाऱ्या द्रव्यासाठी आपण ‘पैकी’च्या जागी ‘-तील’ वापरतो, तेथेही हाच नियम: ‘चूर्णातील काही भाग’ म्हणजे ‘सम ऑफ द पावडर’.

‘द’च्या जागी ‘दीज’, ‘दोज’, ‘माय’, ‘युवर’ यांपैकी एखादा शब्दही चालतो, कारण तेही समूह निश्चित करतात: ‘सम ऑफ दीज टॅब्लेट्स’, ‘मोस्ट ऑफ माय पेशंट्स’. विशेषनाम स्वतःच निश्चित असल्याने त्यास ‘द’ लागत नाही: ‘मोस्ट ऑफ महाराष्ट्र’. ‘ईच’ व ‘नन’ यांनाही हीच वाट लागू आहे: ‘ईच ऑफ द टॅब्लेट्स’, ‘नन ऑफ द पेशंट्स’. ‘ईच ऑफ द’ यानंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी येते. ‘एव्हरी’ मात्र थेट ‘ऑफ’ घेत नाही. ‘एव्हरी वन ऑफ द टॅब्लेट्स’ असे लिहावे लागते.

‘द मोस्ट’ या रचनेचा अर्थ वेगळा आहे, हेही ध्यानी असावे. ती तमभाव दर्शविते: ‘द मोस्ट इफेक्टिव्ह ट्रीटमेंट’ म्हणजे सर्वांत परिणामकारक चिकित्सा. ‘बहुतेक’ या अर्थाने ती वापरू नये.

४. ‘हाफ’, ‘ट्वाइस’, ‘बोथ’ : मात्रेचा प्रश्न

औषधालय चालविणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण येथे शब्दाच्या जागेने मात्रा बदलते.

‘हाफ अ टॅब्लेट’ म्हणजे एका गोळीचा अर्धा भाग. ‘हाफ द टॅब्लेट्स’ म्हणजे दिलेल्या गोळ्यांपैकी निम्म्या. डबीत साठ गोळ्या असतील तर पहिल्याचा अर्थ अर्धी गोळी आणि दुसऱ्याचा अर्थ तीस गोळ्या. ‘टेक हाफ टॅब्लेट’ असे उपपदाविना लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे. समजते, परंतु ‘हाफ अ टॅब्लेट’ असे लिहिणे शुद्ध व निःसंदिग्ध आहे. लहान मुलांसाठी ‘हाफ द डोस’ लिहिताना कोणत्या मात्रेचे अर्धे, हे आधीच्या ओळीत स्पष्ट लिहिलेले असावे.

‘ट्वाइस’च्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. ‘टेक ट्वाइस द डोस’ म्हणजे मात्रेच्या दुप्पट घ्या. ‘टेक द डोस ट्वाइस’ म्हणजे ठरलेली मात्रा दोन वेळा घ्या. मात्रा दोन गोळ्यांची असेल, तर पहिल्या वाक्याने एका वेळी चार गोळ्या पोटात जातील. दुसऱ्याने सकाळी दोन व सायंकाळी दोन. ‘डबल द डोस’, ‘थ्री टाइम्स द डोस’ या रचनाही पहिल्याच प्रकारच्या आहेत. ‘द’च्या पूर्वी आलेला गुणक मात्रेला गुणतो, वाक्याच्या अंती आलेला ‘ट्वाइस’ वेळा मोजतो.

वत्सनाभ, भल्लातक, विषमुष्टी ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘ई-एक’मध्ये आहेत आणि त्यांनी युक्त अशा कल्पांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीचा सावधानतेचा इशारा इंग्रजी व हिंदी या दोन्ही भाषांत छापावा लागतो. छापील इशारा कंपनी देते. त्याखाली मात्रेची ओळ मात्र आपण हाताने लिहितो. वत्सनाभयुक्त कल्पाच्या पुडीवर ‘ट्वाइस’ची जागा चुकली तर छापील इशाऱ्याचा काय उपयोग?

‘बोथ’ची गोष्ट तुलनेने निरुपद्रवी आहे. ‘दोन्ही’ म्हटले की ती दोन कोणती हे ठरलेलेच असते. म्हणून ‘बोथ नीज’, ‘बोथ द नीज’, ‘बोथ ऑफ द नीज’ या तिन्हींचा अर्थ एकच: दोन्ही गुडघे. ‘द बोथ नीज’ एवढे टाळावे. ‘ऑल’प्रमाणे येथे ‘द’ गळाल्याने अर्थ बिघडत नाही.

५. ‘फ्यू’, ‘अ फ्यू’, ‘द फ्यू’

येथे प्रश्न शोधनिबंधाच्या प्रामाणिकतेचा आहे. समजा, ३० रुग्णांच्या अभ्यासात ४ जणांना लेपानंतर कंडू उत्पन्न झाला. तो तीन प्रकारे लिहिता येईल.

‘फ्यू पेशंट्स डेव्हलप्ड इचिंग’: फारसा कोणाला कंडू झाला नाही. येथे भर नकारावर आहे.

‘अ फ्यू पेशंट्स डेव्हलप्ड इचिंग’: काही जणांना कंडू झाला. येथे भर होकारावर आहे.

‘द फ्यू पेशंट्स हू डेव्हलप्ड इचिंग रिकव्हर्ड इन टू डेज’: ज्या थोड्या जणांना कंडू झाला ते सर्व दोन दिवसांत बरे झाले. येथे ‘द’मुळे त्या थोड्यांचा संपूर्ण गट उभा राहतो, त्यांतील एकही वगळला जात नाही.

मराठीत आपण हेच ‘क्वचितच कोणी’, ‘काही जण’ आणि ‘जे थोडे होते ते’ अशा तीन भिन्न शब्दप्रयोगांनी सांगतो. इंग्रजीत केवळ एका अक्षराने हा फरक होतो. वरील उदाहरणात पहिले वाक्य लिहिणाऱ्याने उपद्रव लपविला असा आरोप होऊ शकतो, मग त्याच्या मनात तसे काही नसले तरी. तिसरे वाक्य लिहिणाऱ्याने चारही जण बरे झाले असे ठामपणे सांगितले आहे. त्यांतील एकाने येणे थांबविले असेल तर ते वाक्य असत्य ठरते. सर्वांत चांगले म्हणजे आकडाच द्यावा: ‘फोर ऑफ द थर्टी पेशंट्स’. ‘फोर आउट ऑफ थर्टी पेशंट्स’ अशी ‘द’विरहित रचनाही रूढ आहे.

‘लिटल’ हा न मोजता येणाऱ्या द्रव्यांसाठी अगदी याच पद्धतीने चालतो. ‘विथ लिटल वॉर्म वॉटर’ या अनुपानाचा खरा अर्थ ‘जवळजवळ पाण्याविना’ असा होतो. आपल्या मनात असते ‘थोड्या कोमट पाण्याबरोबर’. ते ‘विथ अ लिटल वॉर्म वॉटर’. ‘द लिटल घी लेफ्ट इन द कप’ म्हणजे पेल्यात जे थोडे तूप उरले आहे तेवढे.

‘क्वाइट अ फ्यू’ हा एक फसवा प्रयोग आहे. शब्दशः पाहता ‘अगदी थोडे’ असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘बरेच’ असा आहे.

६. संख्या आणि ‘नंबर’

पत्रव्यवहारात याचा संबंध पैशाशी येतो. समजा, औषधालयाने अरिष्टाच्या २४ बाटल्या मागविल्या व त्यांतील १० फुटलेल्या निघाल्या. ‘टेन ऑफ द बॉटल्स वेअर ब्रोकन’ असे लिहिले तर आलेल्या मालापैकी दहा फुटल्या, हे स्पष्ट होते. ‘द टेन बॉटल्स वेअर ब्रोकन’ असे लिहिले तर एकूण बाटल्याच दहा होत्या व त्या सर्व फुटल्या, असा अर्थ निघतो. कंपनीच्या चलनावर २४ हा आकडा असल्याने पत्र परत येते, खुलासे मागविले जातात आणि भरपाईस महिने लागतात. संख्येपूर्वी ‘द’ आला की ती संख्या समूहाची संपूर्ण गणती ठरते. संख्येनंतर ‘ऑफ द’ आला की ती त्या समूहाचा अंश ठरते.

‘नंबर’ या शब्दाविषयीही गल्लत होते. ‘अ नंबर ऑफ पेशंट्स’ म्हणजे बरेच रुग्ण. त्यास अनेकवचनी क्रियापद लागते: ‘अ नंबर ऑफ पेशंट्स वेअर रिलीव्ह्ड’. ‘द नंबर ऑफ पेशंट्स’ म्हणजे रुग्णांची संख्या. त्यास एकवचनी क्रियापद लागते: ‘द नंबर ऑफ पेशंट्स वॉज फॉर्टी’.

७. नकारातील संदिग्धता

‘सर्व बाटल्या सीलबंद नव्हत्या’ हे मराठी वाक्य संदिग्ध आहे. एकही नव्हती की काही नव्हत्या? ‘ऑल द बॉटल्स वेअर नॉट सील्ड’ हे इंग्रजी वाक्यही तितकेच संदिग्ध आहे. येथे ‘द’ असूनही संशय फिटत नाही. म्हणून एकही नसेल तर ‘नन ऑफ द बॉटल्स वॉज सील्ड’ आणि काही नसतील तर ‘नॉट ऑल द बॉटल्स वेअर सील्ड’ असे लिहावे. संदर्भपत्रात रुग्णाने औषधे घेतली नाहीत हे सांगतानाही ही दक्षता हवी. ‘ही डिड नॉट टेक ऑल द मेडिसिन्स’ म्हणजे काही घेतली, काही राहिली. काहीच घेतले नसेल तर ‘ही टुक नन ऑफ द मेडिसिन्स’.

८. ‘द’ची मर्यादा

आता आरंभीच्या वाक्याकडे परत येऊ. आम्ही ‘स्टॉप ऑल द मेडिसिन्स’ असे लिहिले असते तर आजींची गोळी चालू राहिली असती काय? याचे प्रामाणिक उत्तर ‘कदाचित’ एवढेच आहे. ‘द’ बोट दाखवितो हे खरे. परंतु बोटाच्या दिशेला काय आहे ते दोघांना सारखेच दिसत असेल तरच त्याचा उपयोग. आमच्या डोळ्यांपुढे आमचा केसपेपर व त्यावरील आमची दोन औषधे होती. सूनबाईंच्या डोळ्यांपुढे घरातील औषधांचा डबा होता आणि त्यात रक्तदाबाची गोळीही होती. त्यांनी ‘द मेडिसिन्स’ म्हणजे डब्यातील ती सर्व औषधे असा अर्थ घेतला असता, तर त्यांना दोष देता आला नसता.

म्हणून जेथे रुग्णाच्या जिवाचा संबंध आहे, तेथे ‘द’ घालून थांबू नये; समूह शब्दांनी बांधून द्यावा. ‘स्टॉप ऑल द मेडिसिन्स गिव्हन बाय मी’ असे लिहावे, त्यापुढे दोन्ही औषधांची नावे लिहावीत आणि एक स्वतंत्र ओळ जोडावी: ‘कंटिन्यू द ब्लड प्रेशर टॅब्लेट’. व्याकरणाच्या दृष्टीने येथे काही शब्द अधिक होतात. चिकित्सेच्या दृष्टीने एकही अधिक नाही. त्या प्रसंगानंतर आम्ही हाच परिपाठ ठेवला आहे, आणि मराठीत सूचना लिहितानाही नुसते ‘सर्व औषधे’ न लिहिता ‘मी दिलेली दोन्ही औषधे’ असे लिहितो.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचे इंग्रजी रूपांतर वाचकांनी प्रथम स्वतः करावे व मग उत्तरे पाहावीत.

(१) त्या रुग्णांपैकी बहुतेकांना निद्रानाश होता.
(२) बहुतेक मुलांना कडू औषध आवडत नाही.
(३) अर्धी गोळी थोड्या मधाबरोबर घ्यावी.
(४) ठरलेली मात्रा दिवसातून दोन वेळा घ्यावी.
(५) आलेल्या बाटल्यांपैकी तीन परत पाठवीत आहोत.
(६) ज्या थोड्या जणांना मळमळ झाली त्यांना सुंठ दिली.
(७) रुग्णांची संख्या अल्प होती.
(८) त्यांपैकी कोणीही औषध सोडले नाही.

उत्तरे: (१) मोस्ट ऑफ द पेशंट्स हॅड इन्सॉम्निया. (२) मोस्ट चिल्ड्रन डू नॉट लाइक बिटर मेडिसिन. (३) टेक हाफ अ टॅब्लेट विथ अ लिटल हनी. (४) टेक द डोस ट्वाइस अ डे. (५) वुई आर रिटर्निंग थ्री ऑफ द बॉटल्स. (६) द फ्यू पेशंट्स हू हॅड नॉशिया वेअर गिव्हन ड्राय जिंजर. (७) द नंबर ऑफ पेशंट्स वॉज स्मॉल. (८) नन ऑफ देम स्टॉप्ड द मेडिसिन.

पहिल्या व आठव्या वाक्यांतील भेद वाचकांच्या ध्यानी आला असेलच: दोन्हींत ‘पैकी’ आहे, परंतु आठव्यात सर्वनाम असल्याने ‘द’ गळला आहे. दुसऱ्या वाक्यात ‘पैकी’ नाही, म्हणून ‘ऑफ’ही नाही व ‘द’ही नाही.

इंग्रजीवर प्रभुत्व मिळविणे हे आपले साध्य नव्हे. औषधाची मात्रा ठरविताना आपण रुग्णाचे बल, अग्नी, वय, काळ यांचा विचार करतो. ती मात्रा कागदावर लिहिताना वाचणाऱ्याचा विचार करावा, एवढेच आमचे सांगणे आहे. चिठ्ठी लिहून झाल्यावर ती एकवार रुग्णाच्या घरच्या माणसाच्या जागी बसून वाचावी. ‘ऑल’, ‘सम’, ‘हाफ’, ‘फ्यू’ यांपैकी एखादा शब्द दिसला की ‘कशातील?’ असा प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तर कागदावर नसेल तर ते लिहावे आणि मगच खाली स्वाक्षरी करावी. व्यवसायबंधूंना आपल्या पत्रव्यवहारात या विषयासंबंधी काही शंका आल्यास त्यांनी या त्रैमासिकाकडे जरूर पाठवाव्यात. पुढील अंकात त्यांचा यथाशक्ती विचार करू.